नव्वदाव्या दिवसाची वाट

लातुरात विम्याचं काम करायला लागून मला चौदा वर्षं झाली. आयुष्याचा विमा लोक घेतात, गाडीचा घ्यावाच लागतो, दवाखान्याच्या खर्चाचाही आता घ्यायला लागलेत. पण गंभीर आजाराच्या विम्याचं नाव काढलं की समोरचा माणूस पाणी आणायच्या निमित्तानं आत उठून जातो. त्या विम्यात आजारांची यादीच असते. कॅन्सर, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं, लकवा. यादीतला आजार निघाला की कंपनी ठरलेली रक्कम एकदम हातात देते, दवाखान्याचं बिल किती झालं ते विचारत नाही. एवढं सांगेपर्यंत घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, "वंगाळ बोलू नका बाबा, दिवा लावायची वेळ हाय."

आणि तरी आजार आहेच. जळकोटपासून निलंग्यापर्यंत मी गावोगाव हिंडतो. चहा पिता पिता कोणी सांगतं, अमक्याच्या घशात निघालं. कोणी सांगतं, तमकीला नांदेडला रेडिएशनचे शेक चालू आहेत. मी आकडे काही मोजले नाहीत. मला एवढंच कळतं, की ज्या गल्लीत जातो तिथं एक तरी घर असं असतं जिथं गंभीर आजाराचा कागद पिशवीतून बाहेर काढायला माझा हात उचलत नाही.

म्हणूनच मी वहिनींची पॉलिसी काढली.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावी शेती बघतो. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी सातवीत होतो. पुढं अकरावीला लातुरात खोली करून राहिलो तेव्हा त्यांनी भरलेला डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा. बसस्टँडवर आम्ही पोरं आपापला डबा शोधत उभे राहायचो. माझ्या डब्यात भाजीखाली कधी गुळाचा खडा असायचा, कधी चिठ्ठी: "अभ्यास करा. दादा रागावले नाहीत." वहिनी गावात ब्लाऊज शिवतात. पंचक्रोशीतल्या बायका त्यांच्याकडं येतात. मशीनवर बसल्या की त्या फारशा बोलत नाहीत, तोंडात टाचण्या धरलेल्या असतात.

संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मी गावी गेलो होतो. त्या महिन्यात माझं काम कमी पडलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. वहिनी मशीनवर होत्या. मी म्हणालो, "वहिनी, तुमच्या नावानं एक पॉलिसी काढू का? गंभीर आजाराची."

मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी पाय थांबवला, टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "काढा."

मग एकच गोष्ट विचारली. "लागू कधीपासून व्हती?"

मी नियम सांगितला. पहिले नव्वद दिवस कंपनी बांधील नसते. त्या दिवसांत आजार निघाला किंवा त्याची लक्षणं दिसली तर पैसे मिळत नाहीत.

"म्हंजी वैशाखात," त्या म्हणाल्या आणि परत कापडाकडं बघायला लागल्या.

अर्जात तब्येतीचे पानभर प्रश्न असतात. पुढं हो आणि नाही असे दोन चौकोन. प्रत्येक प्रश्न वाचून दाखवायचा असतो. मी वाचले नाहीत. बारावीला असलेल्या पुतणीच्या सराव परीक्षेबद्दल आम्ही बोलत होतो, आणि बोलता बोलता मी पानभर नाही, नाही, नाही करत खाली गेलो. आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात. घरच्या माणसाला काय विचारायचं, असंही मनात होतं. सही करताना वहिनींचा हात थोडा थांबला. मला वाटलं पेन उमटत नाही, म्हणून मी दुसरं पेन दिलं.

पुतणी दोन वर्षं आमच्याकडं लातुरात राहून मेडिकलच्या परीक्षेचे क्लास करत होती. परीक्षा जवळ आली तशा वहिनी तिच्याजवळ राहायला आल्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"अक्कांच्या छातीत गाठ हाय," ती म्हणाली. ती वहिनींना अक्का म्हणते. "उजव्या बाजूला. मला हात लावून दाखवलं त्यांनी. लिंबाएवढी हाय."

"डॉक्टरला दाखवलंय?"

"न्हाई. कुणालाच न्हाई."

त्यानंतर मी जे केलं ते आजवर बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. मी खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि दिवस मोजले. ब्याऐंशी झाले होते.

"काय बघून राहिलात?" बायकोनं विचारलं.

"डॉक्टरची वेळ मिळते का बघतो," मी म्हणालो. तिनं माझ्या हातातला फोन सरळ आपल्याकडं वळवला, बघितला, आणि परत दिला.

आठ दिवस. आज दवाखान्यात गेलो तर चिठ्ठीवर आजची तारीख पडणार आणि पॉलिसीला काही अर्थ राहणार नाही. आठ दिवसांनी गेलो आणि गाठ कालपरवा लागली असं सांगितलं, तर कागदावर सगळं नीट. नियमानं तेही खोटंच होतं, कारण लक्षण दिसलंच होतं. पण लक्षण दिसलं हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत होतं?

मी शाखेतल्या एका वरिष्ठांना फोन केला. कुणाचं नाव न घेता, एका ग्राहकाचं असं असं आहे म्हणून विचारलं. ते हसले. "कागदावर काय आहे ते बघायचं. तोंडी गोष्टींना आपल्याकडं जागा नाही," म्हणाले. "आणि असं फोनवर विचारत जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दादा आला. पुतणी क्लासला गेली होती. आम्ही चौघं पुढच्या खोलीत बसलो. उन्हानं दारावरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. मी नियम सांगितला, उरलेले दिवस सांगितले. काय करायचं ते सांगितलं नाही.

दादा म्हणाला, "आठच दिवस ना?"

"हाव, पण..."

"पण काय? इतकी वाढोस्तर अंगात व्हतीच की. आठ दिवसांनी काय डोंगर व्हनार हाय तिचा?"

तो निर्दयपणे बोलत नव्हता. आमच्या शेजारच्या घरातला कर्ता माणूस दोन वर्षं दवाखान्यात घालून शेवटी गेला, तेव्हा त्याला न्यायला-आणायला दादाच जायचा. त्या घराचं काय झालं ते त्यानं जवळून बघितलं होतं. बोलताना तो वहिनींकडं बघत नव्हता, आणि त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते.

वहिनी म्हणाल्या, "मलाबी न्हाई जायचं आत्ता. रैवारी पोरीचा पेपर हाय. तवर माझ्या तोंडाकडं बघून तिला काई कळाया नगं."

बायको माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "बरं."

दादा संध्याकाळच्या बसनं गेला. तो गेल्यावर बायको मला गच्चीवर घेऊन आली. वाळत घातलेले कपडे काढता काढता म्हणाली, "सगळे तुमच्या तोंडाकडं बघून राहिले व्हते. तुम्ही चला म्हणला असता तर दादाबी उठले असते, अक्काबी उठल्या असत्या. तुम्ही बरं म्हणलात."

"वहिनींनाच जायचं नव्हतं."

"त्यांना भ्या वाटून राहिलंय. तुम्हाला कशाचं वाटतंय?"

ती कपडे घेऊन खाली गेली.

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. वहिनी रोजच्यासारखं सगळं करत होत्या. भाकरी थापत होत्या, लेकीचे केस विंचरून देत होत्या, तिच्याकडून रिव्हिजनच्या वह्या ऐकत होत्या, न कळणारे शब्द ऐकून मान हलवत होत्या. पण दर थोड्या वेळानं पदराखाली त्यांचा डावा हात उजव्या काखेकडं जायचा आणि परत यायचा. मी ते बघायचो, आणि मी बघतोय हे बायको बघायची. पुतणी समोर आली की आम्ही तिघं एकदम बोलायला लागायचो.

रविवारी पेपरच्या केंद्रावर पोरीला सोडलं. बाहेर आईबापांची ही गर्दी. कोणी ताडपत्रीखाली, कोणी गाडीच्या सावलीला. वहिनींना एका दुकानाच्या पायरीवर जागा मिळाली. मी पाण्याची बाटली घेऊन आलो तेव्हा त्या काखेत हात दाबून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"दुखतंय का, वहिनी?"

त्यांनी डोळे उघडले. "न्हाई. दुखत न्हाई, म्हनूनच भ्या वाटतंय."

मी बाटली त्यांच्या हातात दिली. पोरीचा पेपर त्या दिवशी झाला. वहिनींचं थांबण्याचं कारण संपलं. आता सोमवारी सकाळी उठून सरळ दवाखान्यात जाता आलं असतं. सत्त्याऐंशी दिवस झाले होते. मी सोमवारी काही बोललो नाही, मंगळवारी बोललो नाही, बुधवारी एका ग्राहकाकडं औशाला काम काढून निघून गेलो.

गुरुवारी एक्क्याण्णवावा दिवस होता. दादा पहाटे निघून आठला हजर झाला. दवाखान्याच्या दारात त्यानं मला बाजूला घेतलं.

"इचारलं तर परवा म्हनायचं. परवा न्हाताना हाताला लागली. मी तिलाबी सांगितलंय."

मी मान हलवली. माझ्या काखेत फाईल होती आणि तिच्यात सगळ्यात वर पॉलिसीचा कागद होता. का आणला होता, ते मला आजही कळत नाही. पहिल्या दिवशी त्याचं काही काम नसतं.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या असतील. आधी त्यांनी वहिनींना पडद्यामागं नेऊन तपासलं. बायको सोबत होती. आम्ही दोघं भाऊ खुर्च्यांवर बसून पडद्याखाली दिसणारे पाय बघत होतो. तपासून झाल्यावर बाईंनी हात धुतले, खुर्चीत बसल्या, पेन उघडलं.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"परवापासून," दादा म्हणाला.

पेन कागदाला टेकलं नाही. बाईंनी वर बघितलं. "परवा?"

"हाव. परवा न्हाताना लागली हाताला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "हे बघा, मी काही भांडायला विचारत नाही. काखेतसुद्धा गाठी लागतायत हाताला. थोड्या आठवड्यांत एवढं सगळं वाढलं असेल तर तो एक प्रकार. हळूहळू, महिनोन्महिने वाढलं असेल तर दुसरा. कुठल्या तपासण्या आधी करायच्या, किती घाई करायची, ते मी त्यावरून ठरवणार. तुम्ही चुकीचं सांगितलं तर माझा अंदाज चुकणार. परत विचारते."

वर पंखा फिरत होता. दादानं माझ्याकडं बघितलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. वहिनी खाली फरशीकडं बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या. बाईंनी पेन परत उचललं आणि दादाच्या तोंडाकडं बघत वाट पाहत राहिल्या. दादाचे ओठ हलले. त्याच्या तोंडून परत तोच शब्द निघणार, हे मला दिसलं.

"परवा नाही, मॅडम," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कुणाचातरी वाटला. "आम्हाला कळून नऊ-दहा दिवस झाले. विम्याचे नव्वद दिवस भरायचे होते म्हणून थांबलो. मीच एजंट आहे."

दादानं मान एकदम माझ्याकडं वळवली. बाई वहिनींकडं वळल्या. "यांना कळून नऊ-दहा दिवस झाले. तुम्हाला कधी कळलं, बाई?"

वहिनींनी पदर सोडला. "भोगीला," त्या म्हणाल्या. "तीळ लावून न्हात व्हते. तवा बोराएवढी व्हती."

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. मी अर्ज भरला तो त्यानंतर. म्हणजे माझ्या त्या पानभर नाहींमध्ये एक हो होतं, आणि ते माझ्यासमोर मशीनवर बसलं होतं. वैशाख का मोजला, सही करताना हात का थांबला, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

बाईंनी लिहिलं: चार महिने. मग पुढचा प्रश्न विचारला, घरात आणखी कुणाला असा आजार होता का, आईला, मावशीला, बहिणीला. वहिनी म्हणाल्या, "न्हाई."

बाहेर आल्यावर बायको वहिनींना सोनोग्राफीला घेऊन गेली. दादा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता.

"डॉक्टरनी तिला इचारलं व्हतं. मला इचारलं व्हतं. तुला कुणी इचारलं व्हतं?"

"दादा, अर्जच खोटा होता. काही मिळालंच नसतं."

"ते तुला नंतर कळलं," तो म्हणाला. "तू आधीच बोललास."

खरं होतं. तो जाऊन दुसऱ्या बाकावर, माझ्याकडं पाठ करून बसला. त्यानंतर सहा-सात महिने तो माझ्याशी बोलला नाही. काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोला फोन करायचा आणि ती माझ्यासमोरच उभी असली तरी म्हणायचा, "त्याला सांग."

तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टला आठ दिवस लागले. या आठ दिवसांत मी फोन वाजला की आधी बाहेर जायचो आणि मग उचलायचो. रिपोर्ट आला. कॅन्सर होता, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला होता. आधी किमो, मग ऑपरेशन, मग शेक, असा क्रम बाईंनी सांगितला. सगळे उठले तेव्हा मी मागं थांबलो.

"मॅडम, ते आठ-नऊ दिवस..."

त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवसांनी फार बिघडलं असं मला वाटत नाही. त्या चार महिन्यांबद्दल मात्र मी तसं म्हणू शकत नाही." मग म्हणाल्या, "इथं येणाऱ्या बहुतेक बायका असंच काहीतरी थांबून येतात. कुणाचं लग्न असतं घरात, कुणाची सुगी."

पोरीला त्याच दिवशी सांगितलं. ती रडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती भडकली. "माझा पेपर मोठा होता का?" म्हणून आईवर ओरडली, मग आमच्यावर. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आईची फाईल मागून घेतली आणि तारखांप्रमाणं लावून ठेवली. मेडिकलला लागतील एवढे मार्क तिला पडले नाहीत. तिनं लातुरातच बीएस्सीला प्रवेश घेतला.

औषधोपचाराचा मोठा भार सरकारी योजनेच्या कार्डावर निघाला. बाकीचं दादानं आणि मी ओढलं. किमोच्या तिसऱ्या वेळेनंतर वहिनींचे केस गेले. गावी त्यांनी कुणापासून लपवलं नाही. माप द्यायला आलेल्या बायका दारातून बघून घुटमळायच्या, तेव्हा आतून आवाज द्यायच्या, "या की. मला झालंय, तुमच्या ब्लाऊजला न्हाई."

त्याच दिवसांत मी कंपनीला पत्र लिहिलं. बायको म्हणाली, "क्लेम तर करायचाच न्हाई. मग पत्र कशाला?" क्लेम करायचा नसला तरी पॉलिसी चालूच होती, पुढच्या वर्षी हप्ता मागणार होती, आणि त्या अर्जावर खाली एजंट म्हणून माझी सही होती. मी लिहिलं, की अर्जातले तब्येतीचे प्रश्न मी विमेदाराला वाचून दाखवले नाहीत, उत्तरं मीच भरली, आणि त्यातलं एक चूक आहे. शाखेतून बोलावणं आलं. ज्या वरिष्ठांना मी फोन केला होता तेच समोर होते.

"विमेदारानं माहिती लपवली, असं लिही," ते म्हणाले. "तुझ्यावर काही येणार नाही."

"मी विचारलंच नव्हतं, साहेब."

"तू विचारलं नव्हतंस हे तुझ्याशिवाय कोण सांगणार आहे?"

मी पत्र बदललं नाही. पॉलिसी रद्द झाली. मला लेखी समज मिळाली. काही महिने माझे अर्ज शाखेत दोनदा तपासले जायचे आणि बाकीचे एजंट मी आलो की बोलणं थांबवायचे.

ऑपरेशन नीट झालं. दिवाळीनंतर शेक सुरू झाले, ते नांदेडला. माझ्या बायकोचं माहेर नांदेडचं, म्हणून वहिनी तिथंच राहिल्या. रोज सकाळी दवाखाना, रविवार सोडून. मी दर शनिवारी अहमदपूर-लोहामार्गे बसनं जायचो आणि त्यांच्यासोबत बसायचो. शेकाच्या खोलीबाहेरची एकही खुर्ची कधी रिकामी दिसली नाही. देगलूरकडच्या एक बाई होत्या, अर्धं मराठी अर्धं तेलुगू बोलायच्या आणि नंबर येईपर्यंत सगळ्यांना हसवायच्या. अर्धापूरच्या एक बाई घरच्या बागेतली केळी पिशवीभर आणून वाटायच्या. एका शनिवारी त्या दोघींच्या खुर्च्यांवर दुसऱ्याच बायका होत्या. वहिनींनी नर्सला विचारलं. एकीचे शेक पूर्ण झाले होते. दुसरीबद्दल नर्स काही बोलली नाही.

त्या दिवशी नंबर यायला वेळ होता. मी विचारलं, "वहिनी, अर्ज भरताना तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही इचारलं कुटं?" मग त्याच म्हणाल्या, "इचारलं असतं तरी बोलले असते का, ते आता कसं सांगू."

"आणि पॉलिसी काढू दिलीत..."

"मला वाटलं, तेच असलं तर घरात चार पैसे येतील. नसलं तर काई सवालच न्हाई." त्या समोरच्या दाराकडं बघत होत्या. त्यावरचा लाल दिवा लागलेला होता. "माझ्या आईच्या येळला माझ्या बापाचं काय झालं, ते मी बघितलंय."

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदम आलं.

"तुमच्या आईला तर पोटाचा आजार होता ना?"

"लोकाला तसं सांगितलं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "पोटाचं नव्हतं."

लातूरच्या डॉक्टर बाईंनी विचारलेला प्रश्न आणि वहिनींनी दिलेलं "न्हाई" मला आठवलं. अर्जातही तो प्रश्न होता, आणि तिथंही मी न विचारता फुली मारली होती. पण आता विषय पॉलिसीचा नव्हता. लातुरात आमच्या घरी एकोणीस वर्षांची पोर होती.

"वहिनी, हे डॉक्टरला सांगायला पाहिजे. पोरीसाठी."

"तिला काय झालंय?" त्यांचा आवाज एकदम चढला. बाजूच्या बायका बघायला लागल्या.

"काही झालेलं नाही. पण आजीला होतं, आईला झालं. तिला कधीपासून तपासायचं, ते डॉक्टर सांगतील. लवकर माहीत असलं तर..."

"तिचं लगीन व्हनार न्हाई," वहिनी म्हणाल्या. हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांची बोटं पदर शोधत होती. मग लाल दिवा विझला, आतून त्यांचं नाव पुकारलं, आणि त्या उठून आत गेल्या.

ती दहा-पंधरा मिनिटं मी त्या दाराकडं बघत बसलो. त्या नाही म्हणाल्या तर काय करायचं? त्यांच्या मनाविरुद्ध पोरीला सांगायचा मला काय अधिकार? आणि न सांगता, दहा वर्षांनी त्याच पोरीच्या छातीत बोराएवढं काही लागलं तर? दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या, खुर्चीवर ठेवलेली पिशवी उचलली आणि उभ्यानंच म्हणाल्या, "सांगा. पण आधी तिच्या बापाला सांगा. मला त्यांना सांगवत न्हाई."

शेवटच्या शेकाच्या दिवशी दादा नांदेडला आला. वहिनी आत होत्या. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. चोवीस वर्षांच्या संसारात आपल्या सासूचा आजार आपल्याला माहीत नव्हता, हे त्याला आधी पचवावं लागलं. त्याचा चेहरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं आता उठून जाईल.

"तुला कुणी..." त्यानं सुरुवात केली आणि थांबला. त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग माझ्याकडं न बघता, पण मलाच म्हणाला, "पोरीला कुटल्या डॉक्टरला दाखवायचं, ते तू बघ. मला त्यातलं कळत न्हाई. मी संगं येतो."

पोरीला आजीचं खरं सांगून दादा, वहिनी आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. रक्ताची एक तपासणी झाली. डॉक्टरांनी तिला स्वतःची स्वतः कशी तपासणी करायची ते शिकवलं, आणि कितव्या वर्षापासून दरवर्षी यायचं ते लिहून दिलं. तिनं तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. वहिनींनी परतीच्या वाटेवर तिचा हात सोडला नाही.

वहिनींच्या उजव्या हाताला सूज येते. मशीनला आता मोटर बसवली आहे, तरी त्या दिवसाला दोनच ब्लाऊज शिवतात. दर काही महिन्यांनी तपासणीला लातुरात येतात. त्याच्या आदल्या दिवसापासून आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, आणि दादा अंगणात फेऱ्या मारतो. मागच्या वेळी रिपोर्ट घ्यायला मी आणि तो गेलो होतो. पाकीट माझ्या हातात होतं. त्यानं ते माझ्याकडून काढून घेतलं, उघडलं, इंग्रजीतलं पान वरपासून खालपर्यंत बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"वाच," तो म्हणाला. "सगळं वाच. काई गाळू नगंस."

मी तिथंच जिन्यात उभं राहून एकेक ओळ वाचून, मराठीत करून सांगितली. वाईट काही नव्हतं. तरी त्यानं शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली, आणि मग खाली चहाच्या गाड्यापाशी बसलेल्या वहिनींना हाका मारत जिना उतरायला लागला.